नवशिक्या बुद्धिबळपटूची खरी शाळा : स्वतःचा हरलेला डाव

जून उजाडला की तारकर्लीच्या किनाऱ्यावरील जलक्रीडा बंद होतात, यांत्रिक नौकांची मासेमारी थांबते आणि पर्यटकांची वर्दळ ओसरते. मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर, कर्ली नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावात पावसाचे पुढचे महिने बरेचसे घरातच जातात. बुद्धिबळासाठी याहून सोयीचा काळ नाही. अडचण असते ती वेगळीच. सोंगट्यांच्या चाली एका दुपारी शिकून होतात. पण पुढे जायचे कसे, हे सांगणारा प्रशिक्षक खेडेगावात सहजासहजी मिळत नाही. मूल दोन-चार स्पर्धांत हरते, 'आपल्याला हे जमणार नाही' असे ठरवून टाकते आणि पट माळ्यावर जातो.

हा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो. नवशिक्याचे डाव बुद्धी कमी पडल्यामुळे क्वचितच हरतात. ते हरतात फुकट गमावलेल्या सोंगट्यांमुळे. ही सवय सुधारण्यासाठी महागडी शिकवणी आवश्यक नसते. एक पट, एक वही, बरोबरीचा जोडीदार आणि नियमितपणा एवढी सामग्री पहिल्या वर्षासाठी पुरेशी ठरते.

घरातला जोडीदार

महाराष्ट्राचा बुद्धिबळाचा इतिहास हेच सांगतो. १९५५ मध्ये आंध्रातील एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. १९७४ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिले विजेतेपद मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी पटकावले. त्यानंतरच्या दशकात त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनी या स्पर्धेवर वर्चस्व गाजविले. रोहिणी यांनी तर पाच वेळा विजेतेपद मिळविले आणि १९८१ मध्ये त्या आशियाई विजेत्या झाल्या. तिन्ही बहिणी एकाच घरातल्या, म्हणजे सरावासाठी तोलामोलाची प्रतिस्पर्धी समोरच बसलेली. नवशिक्याने यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. रोज हरवणारा किंवा रोज हरणारा जोडीदार फारसा उपयोगाचा नाही. दहापैकी चार-पाच डाव जिंकता येतील असा भाऊ, बहीण किंवा शेजारी शोधावा.

पुढे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये आणि पुण्याचे अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदक जिंकले. खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता, महिला संघात नागपूरची दिव्या देशमुख होती आणि त्या संघाचे न खेळणारे कर्णधार होते कुंटे.

देशी नियमांची सवय

घरातील ज्येष्ठांकडून खेळ शिकलेल्या मुलांना कधीकधी जुन्या देशी नियमांची सवय असते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाते, राजाला एकदा घोड्याची चाल मिळते आणि शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे ज्या पट्टीत असेल त्या पट्टीची सोंगटी होते. स्पर्धांमध्ये आंतरराष्ट्रीय नियमच लागू असतात. त्यामुळे कॅसलिंग, प्याद्याची दोन घरांची पहिली चाल, 'आँ पासाँ' पद्धतीने प्यादे मारणे आणि प्याद्याची बढती हे चार नियम आधी पक्के करून घ्यावेत. हात लावलेली सोंगटी खेळलीच पाहिजे, हा नियमही घरच्या डावांत पहिल्या दिवसापासून पाळावा.

देशी पद्धतीत वाढलेला खेळाडू किती उंची गाठू शकतो, याचे उदाहरण म्हणजे पंजाबचा मीर सुलतान खान. इंग्लंडला गेल्यावर त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश विजेतेपद जिंकले. माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही एका डावात नमविले. सुरुवातीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे फारसे नव्हते. त्याचे बळ होते डावाच्या मध्यात आणि शेवटी. नवशिक्याने आधी कुठे लक्ष द्यावे, याचे उत्तर यात दडलेले आहे.

चाल करण्यापूर्वीचे तीन प्रश्न

सोंगट्यांचे ढोबळ मोल असे मानले जाते : प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५ आणि वजीर ९. नवशिक्यांचे बहुतेक डाव या हिशेबातच निकाली निघतात. म्हणून प्रत्येक चालीपूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. प्रतिस्पर्ध्याने आताची चाल कशासाठी केली? माझी कोणती सोंगटी आधाराविना उभी आहे? मी योजलेल्या चालीनंतर तो मला शह देऊ शकतो का, किंवा काही मारू शकतो का?

सुरुवातीला या प्रश्नांमुळे खेळ संथ होतो आणि कंटाळाही येतो. महिनाभरात मात्र नजर आपोआप त्या घरांकडे वळू लागते. केवळ एवढ्या सवयीने पूर्वीचे कित्येक पराभव टळतात.

यालाच जोड द्यावी ती कोड्यांची. घोड्याने एकाच वेळी राजा आणि हत्तीवर केलेला हल्ला, राजाच्या पुढे जखडली गेलेली सोंगटी, एक सोंगटी बाजूला होताच मागच्या सोंगटीचा उघडा पडणारा शह, पाठच्या ओळीवरची मात, हे मोजके नमुने पुन्हा पुन्हा येतात. रोज दहा सोपी कोडी सोडविणे हे आठवड्यातून एकदा शंभर सोडविण्यापेक्षा अधिक लाभदायक असते. कोडे पटावर मांडून, सोंगटी न हलवता, उत्तर मनात पूर्ण करावे.

सुरुवात : नावे नव्हे, तत्त्वे

सिसिलियन, फ्रेंच किंवा रुय लोपेझ यांच्या पंधरा-पंधरा चाली पाठ करणारी मुले स्पर्धांत दिसतात. समोरच्याने चौथी चाल वेगळी केली की ती गोंधळतात. या टप्प्यावर तीन तत्त्वे पुरतात : मधल्या चार घरांवर ताबा, घोडे आणि उंट लवकर बाहेर काढणे, आणि दहाव्या चालीच्या आत शक्यतो कॅसलिंग करून राजा सुरक्षित करणे. एकच सोंगटी कारणाविना दोनदा हलवू नये. वजीर घाईने पुढे आणू नये.

नवशिक्यांना हमखास बळी पाडणारी चार चालींची मात हे याचे उत्तम उदाहरण. पांढऱ्याने प्यादे ई-४, काळ्याने प्यादे ई-५, मग पांढऱ्याने उंट सी-४, काळ्याने घोडा सी-६ आणि पांढऱ्याने वजीर एच-५ अशा चाली केल्या, की एफ-७ घरावर मातीचा धोका असतो. येथे घोडा एफ-६ ही वजिरावर चालून जाणारी चाल आकर्षक दिसते. पण वजीर एफ-७ चे प्यादे मारून मात करतो. योग्य उत्तर आहे प्यादे जी-६. वजीर एफ-३ वर गेला की मग घोडा एफ-६ खेळावा. धोका टळतो, काळ्याच्या सोंगट्या बाहेर येतात आणि पांढऱ्याचा वेळ वाया गेलेला असतो.

शेवटापासून शिकावे

कापाब्लांकाने १९२१ मधील आपल्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाची सुरुवात साध्या मातीपासून केली, ती विचारपूर्वक. पटावर सोंगट्या कमी असल्या की प्रत्येकीची ताकद स्पष्ट दिसते. राजा आणि वजीर, तसेच राजा आणि हत्ती यांनी एकट्या राजाला मात करणे, हे दोन धडे डोळे मिटूनही जमले पाहिजेत. शह नाही, पण खेळता येण्याजोगी चालही नाही, अशी प्रतिस्पर्ध्याची कोंडी झाली तर हातातला विजय बरोबरीत जातो. वजिराने मात करताना हे विशेष जपावे.

त्यानंतर राजा आणि एक प्यादे. पांढरा राजा ई-६, प्यादे ई-५ आणि काळा राजा ई-८ अशी स्थिती मांडावी. चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो, कारण राजा प्याद्याच्या पुढे चालून वाट मोकळी करतो. उलट, प्यादे ई-७ वर, पांढरा राजा डी-६ वर, काळा राजा ई-८ वर आणि चाल पांढऱ्याची असेल, तर राजा ई-६ वर जाताच कोंडी होते. अन्यत्र गेल्यास प्यादे जाते. एका पावलाच्या फरकाने जय आणि बरोबरी ठरते, हे येथे हाताने अनुभवता येते.

वही, संगणक आणि घड्याळ

प्रगतीचे सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे वही. दीर्घ वेळेच्या स्पर्धांत चाली लिहिणे बंधनकारकच असते. घरच्या डावांतही ते करावे. डाव संपल्यावर, विशेषतः हरल्यावर, तो पुन्हा मांडून कोणत्या चालीला तोल गेला, तेव्हा मनात काय होते आणि काय दिसले नाही, हे एका ओळीत लिहावे. वीस डावांनंतर वही चाळली तर एकच चूक अनेकदा सापडते. पुढच्या महिन्याचा अभ्यासक्रम तीच ठरविते.

आता मोबाईलवर लिचेससारखी विनामूल्य संकेतस्थळे आणि स्टॉकफिशसारखे बलाढ्य संगणकीय प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग स्वतःचे परीक्षण झाल्यानंतर करावा. आधीच उत्तर पाहिले, तर चूक कळते. तिचे कारण कळत नाही. तीन मिनिटांच्या झटपट डावांऐवजी दोघांना किमान पंधरा-पंधरा मिनिटे मिळतील असे डाव खेळावेत.

वेळेचे महत्त्व अत्युच्च पातळीवरही दिसते. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरविले आणि ती ग्रँडमास्टर झाली. दोन मुख्य डाव बरोबरीत सुटल्यावर निकाल जलद डावांत लागला. दुसऱ्या जलद डावात वेळ कमी उरलेला असताना हंपीसारख्या अनुभवी खेळाडूकडूनही चुका झाल्या.

मानांकनाची घाई मात्र नसावी. मार्च २०२४ पासून जागतिक महासंघाच्या मानांकनाची किमान मर्यादा १४०० आहे. पहिल्याच स्पर्धेत ते न मिळणे हे अपयश नव्हे.

आठवड्याचा आराखडा

रोज अर्धा तास मिळाला तरी पुरे. पाच दिवस कोडी आणि शेवटाचे धडे, एक दिवस घड्याळ लावून दीर्घ डाव, आणि एक दिवस केवळ त्या डावाचे परीक्षण, अशी विभागणी करावी. पावसाळ्याचे चार महिने हा क्रम टिकविल्यास सोळा-सतरा लिहिलेले, तपासलेले डाव हाती येतात. पालकांनीही स्पर्धेहून परतलेल्या मुलाला 'जिंकलास का?' असे विचारण्यापूर्वी 'डाव लिहून आणलास का?' असे विचारावे. हरलेला डाव दाखविण्याची लाज ज्या घरात वाटत नाही, त्या घरातला पट सहसा माळ्यावर जात नाही.