पोलंडातील नाताळची पूर्वसंध्या

१७९५ च्या तिसऱ्या फाळणीने पोलंडचे राज्य नकाशावरून नाहीसे होऊन रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांचे अंमलदार तेथे दफ्तरे मांडून बसले, तरी 'विगिलिया' हा नाताळच्या पूर्वसंध्येचा विधी खंडित झाला नाही. शुभ्र चादरीखाली वाळले गवत पसरावे, पहिली तारका दिसताच 'ओप्वातेक' ही कागदासारखी पातळ, ठसे उमटवलेली बेखमीर पोळी एकमेकांच्या हातून मोडून घेत अभीष्टचिंतन करावे, मगच निरामिष भोजनास बसावे (मासे या निरामिषात खपतात, हे आपल्या सारस्वतांना विनासायास पटेल), आणि एक पान अनाहूत अतिथीसाठी रिकामे ठेवावे, असा हा परिपाठ. या देशाशी आपलाही एक जुना धागा जुळलेला आहे: सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले तेथील सुमारे ५,००० लोक, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीक वळीवडे येथील छावणीत वस्तीस होते.