काम तेच, नाव वेगळं



मागच्या महिन्यात समुद्रकाठच्या एका गावात आपल्या रेडिओचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपला, सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं, तेव्हा एक ताई मागे थांबल्या. एका रिसॉर्टचा सगळा कारभार त्यांनी सहा वर्षं सांभाळला होता. खोल्यांचं बुकिंग, स्वयंपाकघराचा हिशेब, माणसांच्या पाळ्या, पाहुण्यांच्या तक्रारी, सारं त्यांच्याकडे. गावात सगळे त्यांना मॅनेजर म्हणत. नेमणुकीच्या कागदावर मात्र ‘लेडी सुपरवायझर’ असं लिहिलेलं. एके दिवशी मालकांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. काम सुटल्यावर त्यांना कळलं, की त्याच मालकांच्या दुसऱ्या रिसॉर्टवर अगदी हेच काम करणाऱ्या गृहस्थांना त्यांच्या जवळजवळ दीडपट पगार होता. त्यांचा हुद्दा ‘मॅनेजर’.

ताईंनी मला विचारलं, “आता नोकरीच गेली. मागच्या पगाराबद्दल बोलायचा हक्क मला उरला का?”

त्या दिवशी शेवटची एसटी गाठायची घाई होती, म्हणून मी थोडक्यात उत्तर दिलं. आज सविस्तर सांगते. कारण हाच प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी, इथून खाडीपलीकडे मुंबईत, एका बाईने विचारला होता आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं उत्तर दिलेलं आहे.

त्यांचं नाव ऑड्री डिकोस्टा. मॅकिनन मॅकेन्झी या जुन्या इंग्रजी वळणाच्या कंपनीत त्या स्टेनो होत्या. वरिष्ठ साहेब सांगतील तो मजकूर लघुलिपीत उतरवून घ्यायचा आणि टाइप करून द्यायचा. त्यांच्या पदाचं नाव होतं ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. त्याच कंपनीत पुरुष स्टेनोही होते. तेही मजकूर उतरवून घेत, तेही टाइप करत. पण पुरुषांची पगारश्रेणी वेगळी आणि वरची. १३ जून १९७७ रोजी ऑड्रीबाईंना कामावरून कमी केलं गेलं. त्यानंतर त्यांनी समान वेतन कायद्याखाली अर्ज केला, की मी नोकरीत होते तेव्हा तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा मला कमी पगार दिला, तो फरक मला द्या.

त्यांच्या अर्जाचं काय झालं ते सांगण्याआधी थोडं मागे जाऊ या. एकाच कामाला दोन नावं द्यायची आणि दोन दाम लावायचे, ही युक्ती ऑड्रीबाईंच्या कंपनीने शोधलेली नव्हती. आपल्या किनाऱ्याने ती फार आधी पाहिली आहे.

मॅकिनन मॅकेन्झी ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या मोठ्या आगबोट कंपनीचा कारभार पाहणारी पेढी. इंग्रजांच्या अशा बोटींवर श्रीवर्धन-म्हसळ्यापासून रत्नागिरीपर्यंतची आपली कितीतरी माणसं खलाशी म्हणून गेली. बोट एकच, वादळ एकच, पण गोऱ्या खलाशाचा करार वेगळा आणि हिंदी खलाशाचा वेगळा. हिंदी माणसाच्या कराराला ‘लस्कर करार’ म्हणत. त्या करारात पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या एका छोट्या हिश्श्याइतका, झोपायला जागा कमी, अन्न हलकं. कुणी विचारलं तर उत्तर तयार असे, की हा वेगळा करार आहे, तुलना होतच नाही. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि बुडणाऱ्या बोटींवर मरण मात्र सगळ्यांना सारखंच आलं. तेव्हा इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या बंदरांत हिंदी खलाशांनी काम थांबवलं. अनेकांना तुरुंगात टाकलं गेलं. पण पगारवाढ द्यावी लागली.

सात वर्षांनी हीच गोष्ट नौदलात उफाळली. मुंबईच्या कुलाब्यातल्या ‘तलवार’ या नौदलाच्या केंद्रावर कमांडर किंग हा अधिकारी हिंदी नाविकांना त्यांच्या जातकुळीवरून घाणेरड्या शिव्या देई. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांनी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रारी दिल्या. दाद लागली नाही, तेव्हा १८ फेब्रुवारीला संप सुरू झाला आणि तो बोटीबोटींवर पसरला. त्यांच्या मागण्यांत गोऱ्या नाविकांइतका पगार आणि शिवराळ अधिकाऱ्यावर कारवाई, या दोन्ही होत्या. संप मिटल्यावर कित्येकांना बडतर्फ केलं. स्वातंत्र्य आलं, तरी त्यांना नौदलात परत घेतलं नाही. तक्रार खरी असली तरी नोकरी जाते, हे आपल्या लोकांनी तेव्हाच पाहिलं.

तो भेद वंशाचा होता, आणि करणारे परके होते. आता घरातला भेद पाहा. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचं. कुलाबा-रत्नागिरीची माणसं मुंबईच्या कापड गिरण्यांत भरलेली. गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार बरा मिळे. पण अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना तिथे शिरकाव नव्हता. कारण काय, तर धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यांचा ओठ लागलेला धोटा इतरांना चालत नसे. मग त्यांना सूतकताईच्या खात्यात, कमी पगारावर. कुणी म्हणे, हा जातीचा प्रश्न नाही, खातंच वेगळं आहे. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढच्याच वर्षी, १९२८ च्या गिरणी संपात, हा प्रश्न पुढे आणला. आमच्या माणसांना साचाखातं खुलं करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घाला, असा आग्रह त्यांनी धरला. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घातली. गिरणीमालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. म्हणजे मालक कामगारांकडे बोट दाखवणार आणि कामगार रूढीकडे. नुकसान ज्याचं व्हायचं त्याचं झालंच.

मैत्रिणींनो, बायकांच्या वाट्याला हीच युक्ती तिसऱ्या रूपात आली. मुंबईतल्या एका औषध कंपनीत नियम होता, की अविवाहित मुलीने लग्न केलं की तिची नोकरी संपली. कंपनीचं म्हणणं, आमच्याकडे बाटल्या भरणं, लेबलं लावणं हे काम गटाने चालतं, लग्न झालेल्या बायका फार गैरहजर राहतात. कामगार संघटनेने हा नियम न्यायालयात नेला. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. न्यायाधीशांनी साधी गोष्ट विचारली, की मुलांमुळे गैरहजेरी होत असेल, तर मुलं असलेल्या विधवेचीही होईल, मग बंदी एकट्या विवाहितेवरच का?

१९८१ मध्ये मात्र एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात अर्धंच यश मिळालं. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याचा नियम न्यायालयाने मोडून काढला. पण त्याच विमानात सेवा करणाऱ्या पुरुषांशी बरोबरी मान्य केली नाही. बायकांची भरती वेगळी, श्रेणी वेगळी, म्हणून अटीही वेगळ्या असू शकतात, असं न्यायालय म्हणालं. पुन्हा तेच. नाव वेगळं ठेवलं की तुलना संपली.

ऑड्री डिकोस्टांचा अर्ज याच काळात एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत होता. समान वेतनाचा वटहुकूम १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. एकच किंवा सारख्या स्वरूपाचं काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषापेक्षा कमी वेतन देता येणार नाही, असा तो कायदा. पहिल्या अधिकाऱ्याने मान्य केलं, की दोघांचं काम एकाच प्रकारचं आहे. तरीही भेदभाव झाला, हे त्याने मानलं नाही. का? तर १९७५ मध्ये कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला होता, त्या कराराप्रमाणेच पगार ठरले होते. पाहा, आपलीच संघटना, तिचीच सही, आणि नुकसान संघटनेतल्याच बायकांचं.

ऑड्रीबाईंनी अपील केलं. कामगार उपायुक्तांनी निकाल फिरवला आणि कंपनीला ७,१९६ रुपये ६७ पैसे द्यायला सांगितलं. २६ ऑक्टोबर १९७६ ते १३ जून १९७७, म्हणजे साडेसात महिन्यांचा हा फरक. हिशेब केलात तर महिन्याला नऊशे रुपयांच्या वर जातो. त्या काळी एवढ्यात घर चालत होतं.

कंपनी उच्च न्यायालयात गेली, तिथे एका न्यायाधीशापुढे हरली, मग दोन न्यायाधीशांपुढे हरली, आणि सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. २६ मार्च १९८७ रोजी न्यायमूर्ती वेंकटरामय्या आणि न्यायमूर्ती दत्त यांनी निकाल दिला. कंपनी तिथेही हरली.

त्या निकालातल्या चार गोष्टी आपण प्रत्येकीने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, काम सारखं आहे का, हे मोठ्या नजरेने पाहायचं. बारीकसारीक फरक काढत बसायचं नाही. आणि कागदावर काय लिहिलंय यापेक्षा माणूस रोज प्रत्यक्षात काय करतो, ते पाहायचं.

दुसरी, कंपनीचं म्हणणं होतं, की या बायका साहेबांच्या खासगी स्टेनो, पुरुष सर्वसाधारण स्टेनो, म्हणजे कामं वेगळी. न्यायालयाने उत्तर दिलं, की त्या जागी फक्त बायका आहेत, कारण कंपनीने तिथे फक्त बायका नेमल्या. ते काम बाईलाच जमतं असं नाही, आणि पुरुषांचं काम बाईला जमत नाही असंही नाही. आपणच वेगळी रांग लावायची आणि मग रांग वेगळी आहे म्हणून कमी द्यायचं, हे चालणार नाही.

तिसरी, संघटनेने सही केलेला करार असला, तरी कायदा त्याच्या वर. दोघांनी मिळून तिसऱ्याचा हक्क सोडून देता येत नाही.

चौथी, कंपनीने सांगितलं, आमची आर्थिक स्थिती ओढग्रस्तीची आहे. न्यायालय म्हणालं, मालकाला परवडतं की नाही, यावर हा कायदा अवलंबून नाही.

आणि पाचवी गोष्ट न्यायालयाला वेगळी सांगावीच लागली नाही, पण आपल्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. ऑड्रीबाईंनी दावा केला तेव्हा त्या नोकरीत नव्हत्या. कुणीही त्यांना दारातून परत पाठवलं नाही. ज्या दिवशी बाई काम करते, त्या दिवसाचं देणं त्या दिवशीच लागू होतं. नंतर नोकरीवरून काढलं, म्हणून आधीचं देणं फिटत नाही.

आता खरं तेच सांगायला हवं. नोकरी परत मिळण्याचा हा खटला नव्हता. दावा होता केलेल्या कामाच्या दामाचा. आणि तो दाम मिळवायला दहा वर्षं गेली. दहा वर्षं एका बाईने तारखा धरून ठेवायच्या, हे सोपं नाही. तिच्या चिकाटीमुळे तो निकाल आज आपल्या हाताशी आहे.

समान वेतनाची तरतूद पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आणली आहे. तिथे ‘कर्मचारी’ या शब्दात व्यवस्थापकीय काम करणारेही येतात, म्हणजे मॅनेजरबाईसुद्धा. दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. म्हणून काम सुटल्यावर ‘बघू पुढे’ म्हणत बसू नका. नेमणुकीचा कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचं पासबुक, तुमच्या हस्ताक्षरातल्या पाळ्यांच्या वह्या, मोबाइलवर आलेल्या सूचना, हे जपा. रोज प्रत्यक्षात काय काम केलं, हे त्यातूनच सिद्ध होतं. मग कामगार खात्याच्या कार्यालयात जा. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला असेल तर त्याचा कायदा वेगळा, २०१३ चा. त्याची तक्रार शक्यतो तीन महिन्यांच्या आत करायची असते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागी काम करणाऱ्या बाईसाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तरी, जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

त्या ताईंचा परवा फोन आला होता. सहा वर्षांच्या पाळ्यांच्या वह्या त्यांनी रिसॉर्टवर न ठेवता घरी आणल्या होत्या, कारण हिशेब रात्री घरी बसून लिहावे लागत. त्याचे जादा पैसे कधी मिळाले नाहीत. त्या वह्या अजून माळ्यावर आहेत. मी म्हटलं, ताई, आधी त्या खाली काढा.