सांगशाकचा नकाशा आणि पदकांची पेटी

युद्धात लढलेल्या माणसाच्या पश्चात घरात ज्या वस्तू उरतात, त्यांत पदकांचे नशीब बरे. ती चकाकतात, म्हणून जपली जातात. घामाने भिजून घड्यांवर फाटलेला, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला नकाशा मात्र रद्दीत जायला वेळ लागत नाही. युद्धवस्तूंच्या संग्राहकांतही पदकाला मान आधी आणि नकाशाला मागाहून. हा क्रम आम्हांस उलटा वाटतो. १९४४ सालच्या सांगशाकच्या लढाईकडे पाहिले की आमचे म्हणणे वाचकांच्या ध्यानात येईल.

सांगशाक हे मणिपुरातील उखरूल भागातले तांगखुल नागांचे डोंगरावरील गाव. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात तेथे पन्नासावी भारतीय छत्रीधारी ब्रिगेड उभी ठाकली. ही ब्रिगेड १९४१ साली दिल्लीत स्थापन झाली होती. तिच्या १५२व्या पलटणीचे डॉक्टर लेफ्टनंट रंगराज आणि हवालदार-मेजर मथुरासिंग हे हवाई छत्रीने उडी घेणारे पहिले भारतीय सैनिक. विमानातून उतरण्याचे शिक्षण घेतलेली ही माणसे सांगशाकला मात्र जमिनीवरूनच पोचली, आणि पायदळासारखी खंदकात बसून लढली.

१९ मार्चला जपानी सैन्य आले. पहिला आघात १५२व्या पलटणीच्या एका कंपनीवर झाला आणि ती जवळजवळ संपूर्ण कामास आली. ज्या टेकडीवर हे घडले तिला सैनिकांच्या लेखी नावसुद्धा नव्हते. नकाशावर तिची उंची फुटांत लिहिलेली होती, म्हणून सारे तिला ७३७८ म्हणत. पुढे उरलेले छत्रीधारी, गुरखे आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण सांगशाकच्या अरुंद पठारावर एकवटली. मातीखाली लगेच खडक लागे, त्यामुळे खंदक खोल जाईनात. काटेरी तार नव्हती, पाणी नव्हते. विमानांनी टाकलेल्या सामानातील पुष्कळसे जपान्यांच्या हाती पडे. पठाराच्या एका टोकाला अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनचे छोटे देवालय होते. २६ मार्चच्या सकाळी सर्वांत निकराची झुंज झाली ती त्याच्याच भोवती. त्या रात्री माघारीचा हुकूम आला आणि उरलेले लोक अंधारात जंगलातून निसटले. मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे सहाशे माणसे ब्रिगेडने गमावली.

या लढाईतच एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ खुणा केलेला नकाशा सापडला. जपानी सैन्य कोणत्या वाटांनी कोहिमाकडे निघाले आहे, हे त्यावर उमटले होते. त्याची नक्कल करून ती शत्रूच्या वेढ्यातून इंफाळला पोचवण्यात आली. कोहिमावर फार तर एक रेजिमेंट येईल, असा जनरल स्लिम यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ३१वी डिव्हिजन सगळीच्या सगळी येत होती. त्या नकाशाचा इंफाळला किती उपयोग करून घेतला गेला, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. पण जपान्यांचे सांगशाकला गेलेले दिवस कोहिमाच्या बचावास उपयोगी पडले, हे बहुतेकांना मान्य आहे.

आता पदकांकडे वळू. सांगशाकला लढलेल्या सैनिकाला काय मिळाले? १९३९-४५चा तारा, बर्मा स्टार, युद्धपदक. बर्मा स्टार हा पिवळ्या धातूचा सहा टोकांचा तारा. तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील लक्षावधी सैनिकांना मिळाला. त्यावर सांगशाकचे नाव नाही, आणि धारक छत्रीधारी होता याची खूणही नाही. ती खूण फक्त कापडी पंखांत असे, आणि कापड कसरीच्या तोंडी आधी पडते. म्हणजे पदक एवढेच सांगते की हा माणूस तिकडे होता. कोठे, कोणत्या उतारावर, कोणाच्या शेजारी, हे सांगेल तर नकाशा, पत्र किंवा पंखांची पट्टी. विक्रेते नेमकी हीच वस्तूंची संगत मोडतात. तारे एकाला, नकाशा दुसऱ्याला, पंख तिसऱ्याला. तिघांकडेही काही ना काही राहते आणि माणूस नाहीसा होतो.

वस्तू जागच्या जागी राहिली तर ती केवढे बोलते, हे फ्रान्समधील आंगोव्हिल-ओ-प्लॅन या खेड्यात दिसते. तेथील चर्च संत कॉस्मस व दामियन या वैद्य संतांच्या नावाचे आहे. ६ जून १९४४ रोजी अमेरिकन १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे दोन शुश्रूषक, रॉबर्ट राइट आणि केनेथ मूर, यांनी त्या चर्चमध्ये दवाखाना मांडला. शस्त्रे दाराबाहेर ठेवायची, एवढीच त्यांची अट. अमेरिकन, जर्मन आणि गावातले एक मूल, असे सुमारे ऐंशी जखमी त्यांनी बाकांवर निजवले. बाकांवरील रक्ताचे डाग आजही तसेच आहेत. ते बाक एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात गेले असते, तर ती नुसती डागाळलेली लाकडे ठरली असती.

एक गोष्ट आपल्याकडच्या घरांना सोयीची आहे. ब्रिटिश सैनिकांना त्या युद्धाची ताऱ्यांसारखी मोहीम-पदके नावाशिवाय मिळाली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे कोरली गेली. ताऱ्याच्या पाठीवर आणि गोल पदकाच्या कडेवर ती असतात. सांगशाकला लढलेल्या मराठा पलटणीतील एखाद्याची पेटी आजही कोणाच्या माळ्यावर असेल. ती उघडताना पदकाची पाठ आधी भिंगातून वाचावी, आणि खालचा चुरगळलेला कागद झटकून टाकण्यापूर्वी उलगडून पाहावा.