आद्याक्षरांचा शेजार

रॉबर्ट कॉड्री याने १६०४ साली लंडनमध्ये कठीण इंग्रजी शब्दांचा आपला छोटेखानी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा तो कसा पाहावा हे वाचकाला समजावून सांगणे त्याला आवश्यक वाटले. आधी वर्णमाला मुखोद्गत करा, असे तो सांगतो. मग शब्द ‘ए’ने सुरू होत असेल तर कोशाच्या आरंभी पाहा, ‘व्ही’ने होत असेल तर शेवटाकडे, ‘सी’च्या विभागातही ‘सी-ए’ने सुरू होणारा शब्द आरंभी मिळेल, ‘सी-यू’ने सुरू होणारा अखेरीस. आज हे वाचताना हसू येते. परंतु आद्याक्षरांवरून शब्द शोधण्याची जी रीत आज संगणक वापरतो, तिचे मर्म या सूचनेत आलेले आहे.

त्याआधी सव्वातीनशे वर्षे, १२८६ मध्ये, जेनोवाच्या जोव्हान्नी बाल्बी या डोमिनिकन धर्मगुरूने ‘कॅथोलिकॉन’ हा लॅटिन ग्रंथ पूर्ण केला. त्यात ‘आमो’ हा शब्द ‘बिबो’च्या आधी का येतो, आणि पहिले अक्षर एकच असताना ‘आबेओ’ हा ‘आदेओ’च्या आधी का येतो, याचे स्पष्टीकरण तो चिकाटीने देतो. ही रचना आपण मोठ्या कष्टाने साधली आहे, सुज्ञ वाचकाने तिला क्षुद्र समजू नये, अशी विनंतीही करतो. अकारविल्हे ही गोष्ट निसर्गदत्त नाही, कोणीतरी ती घडवावी लागली, याचा इतका बोलका पुरावा आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

आपल्याकडे वर्णमाला तर शास्त्रशुद्ध होती. पण ‘अमरकोश’ तिच्या क्रमाने रचलेला नाही. तो विषयवार आहे, पद्यात आहे. ज्याला कोश पाठ आहे त्याला तो शोधावा लागत नाही. ‘मेदिनीकोशा’सारख्या काही कोशांनी वर्णक्रम स्वीकारला, तोही शब्दाच्या अंत्य व्यंजनाचा. यात विक्षिप्त असे काही नाही. ज्या टोकाने शब्द लावाल, त्या टोकाने समान असणारे शब्द एकमेकांचे शेजारी होतात. अंत्य व्यंजनाने लावलेल्या यादीत ‘क’ने संपणारे शब्द एकत्र सापडतील, ‘क’ने सुरू होणारे सर्वत्र विखुरलेले असतील. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) आद्याक्षरांनी लावलेला आहे, म्हणूनच त्यात ‘कम’ एवढेच आठवत असूनही आपण ‘कमळ’, ‘कमान’, ‘कमाल’ यांच्यापर्यंत पोहोचतो.

संगणकाने या शेजाराचाच उपयोग केला. यादीच्या मध्यावरचा शब्द पाहायचा, हवा तो त्याच्या आधी की नंतर हे ठरवायचे आणि उरलेला अर्धा भाग टाकून द्यायचा. दहा लाख शब्दांच्या यादीत अशा सुमारे वीस तुलना पुरतात. ‘कम’ने सुरू होणारे सगळे शब्द हवे असतील तर ‘कम’ हा शब्द यादीत असण्याचीही गरज नाही. तो जिथे बसला असता ती जागा शोधायची, ‘कम’चे शब्द जिथे संपतात ती दुसरी सीमा शोधायची; मधला सलग पट्टा हे उत्तर. एकेक शब्द वाचत जाण्याचे कारणच उरत नाही.

युक्ती सोपी, पण ती निर्दोष लिहिणे सोपे नव्हते. जॉन मॉक्लीने १९४६ मध्ये फिलाडेल्फियातील व्याख्यानांत ती मांडली. डोनाल्ड कनूथ यांच्या मते यादीच्या कोणत्याही लांबीला लागू पडणारे तिचे रूप प्रसिद्ध व्हायला १९६० उजाडले. जावा या भाषेच्या ग्रंथालयातील आवृत्तीत प्रचंड यादीवर चुकणारा दोष सुमारे नऊ वर्षे राहिला आणि जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये तो जाहीर केला. १९६० मध्येच एडवर्ड फ्रेडकिन यांनी शब्दांची समान सुरुवात एकदाच साठवणाऱ्या वृक्षासारख्या रचनेला ‘ट्राय’ हे नाव दिले. ते स्वतः त्याचा उच्चार ‘ट्री’ असा करीत, हे जाता जाता.

मराठीपुढचा प्रश्न निराळा आहे. क्रम कोणाचा? ‘कर्म’मधला रफार कागदावर ‘म’च्या डोक्यावर दिसतो, संगणकाच्या साठवणीत मात्र ‘र’ आधी आहे, म्हणून ‘कर’ शोधणाऱ्याला ‘कर्म’ही मिळते. यात तक्रार नाही, उच्चाराचा क्रमही तोच. पण शाळेत आपण ‘ह’नंतर ‘ळ’ म्हणतो, आणि युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी येतो. आता संकेतक्रमाने लावलेली ही यादी घ्या: कलम, कळस, कवच, कसब, कहर. शोधणारी आज्ञावली शाळेतल्या वर्णमालेवर चालत असेल, तर ‘कळस’ शोधताना ती मध्यावरचा ‘कवच’ पाहील, ‘ळ’ तर ‘व’च्या नंतर म्हणून उजवीकडे वळेल, ‘कसब’ आणि ‘कहर’ ओलांडेल आणि असा शब्द यादीत नाही, असे सांगेल. यादीतला दुसराच शब्द ‘कळस’ असेल.