आनंदीबाईंचे ‘एकटे’ प्रयाण

दि. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांस अठरावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते. हे प्रयाण एकटीचे मानले जाते. वस्तुतः बोटीवर मिशनरी स्त्रियांची सोबत होती. परंतु ‘एकटी’ म्हणजे पती वा आप्त बरोबर नसलेली, हाच तेव्हाचा लोकव्यवहारातील अर्थ. २४ फेब्रुवारीच्या श्रीरामपूर येथील इंग्रजी व्याख्यानात आनंदीबाईंनी या आक्षेपाचा स्वतंत्र परामर्श घेतला. दोघांच्या प्रवासापुरते द्रव्य नाही आणि कुटुंबीय गोपाळरावांवर अवलंबून, हे त्यांचे उत्तर. त्यात स्त्रीहक्कांचा उच्चार नाही. कुटुंबधर्माच्या परिभाषेतच टीकाकारांना निरुत्तर केले आहे. ४ जूनला न्यूयॉर्क येथे त्यांना उतरवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंची ओळखही तोवर केवळ पत्रांतलीच होती.