संधिवाती ज्वर, हृदयाचा ठोका आणि पिंपरीचे पेनिसिलिन

१/७
मुलाचा घसा दुखतो, ताप येतो आणि उतरतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजतात. एक सांधा सुटतो तोच दुसरा धरतो. हाच संधिवाती ज्वर. सांधे पूर्ववत होतात. कायमची इजा होते ती हृदयाला.

२/७
१८३६ साली पॅरिसमध्ये झां-बातिस्त बुइयो यांनी या ज्वराची हृदयविकाराशी सांगड घातली. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावर उलटते, हा उलगडा फार नंतर झाला.

३/७
हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विजेचा संदेश जातो. या ज्वरात तो अनेकदा रेंगाळतो. रुग्णाला ते जाणवत नाही. ईसीजीच्या कागदावर मात्र दिसते. ते यंत्र घडवणाऱ्या आइंटहोव्हेन यांना १९२४ चे नोबेल मिळाले. डकेट जोन्स यांनी १९४४ साली मांडलेल्या आणि पुढे सुधारलेल्या निकषांत आज या विलंबाचीही गणना होते.

४/७
हा विलंब बहुधा ओसरतो. परंतु ज्वर पुन्हा पुन्हा आला, तर झडप आकसते, वरचा कप्पा ताणला जातो आणि कालांतराने ठोक्यांची लय पार विस्कटते. आत रक्ताची गुठळी धरते. ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो.

५/७
फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिन गवसले. स्वतंत्र भारताने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापला. १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

६/७
त्याच दशकात दीर्घकाळ परिणाम टिकणारे पेनिसिलिन जगभर वापरात आले. दर तीन-चार आठवड्यांनी एक इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे, घेतल्यास ज्वराची पुनरावृत्ती टळते. महाग शस्त्रक्रियेची वेळ टाळणारा हा स्वस्त उपाय आहे. अट एकच, खंड पडता कामा नये.

७/७
त्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस बारामती आणि इंदापूर. नीरा डाव्या कालव्याने तेथे ऊस आणला. उसामागून साखर कारखाने आणि ऊसतोड टोळ्या आल्या. एका कोपीत अख्खे कुटुंब राहते, आणि अशा दाटीतच घशाचे जंतू फैलावतात. हंगाम संपला की टोळी गावी परतते. पुढच्या इंजेक्शनची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही. औषध जिल्ह्यात बनू लागले, तरी ते ठरल्या दिवशी त्या मुलापर्यंत पोहोचवणे हे काम वेगळेच होते, आजही आहे.