‘कमोड’चे कूळ

आपल्या सोसायटीच्या मूळ नकाशात घरोघरी भारतीय पद्धतीचाच संडास होता. पंचवीस वर्षांत सभासदांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि एकेका घरात ‘कमोड’ आला. वरच्या मजल्यावरची गळती हा विषय निघाला की सभेत त्याचे नाव निघतेच. म्हटलं, या पाहुण्याचे कूळ तरी बघावे.

शब्द मूळचा लॅटिन. ‘कोमोडुस’ म्हणजे योग्य मापाचा, सोयीचा. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला ही भाऊबंदकी ओळखीची निघाली. ‘कमॉडिटी’ त्याच घराण्यातली. मागे खरा माल नसताना व्यापारी एकमेकांच्या सोयीसाठी लिहितात ती ‘अकोमोडेशन बिले’ही तिथलीच, त्यांनी आम्हा अधिकाऱ्यांची झोप पुष्कळ उडवली! रोमन कायद्यात वस्तू फुकट वापरायला देऊन तीच परत घेण्याला ‘कोमोडाटुम’ म्हणत. शेजाऱ्याची शिडी नेतो ना आपण, तेच. परत करण्याचे कलम तेवढे आपल्याकडे कच्चे.

फ्रेंचांनी १७०० च्या सुमारास खणांच्या बुटक्या कपाटाला ‘कमोड’, म्हणजे ‘सोयीचे’, हे नाव दिले. चौदाव्या लुईच्या त्रियानाँ महालासाठी बूल नावाच्या कारागिराने १७०८-०९ मध्ये केलेली जोडी प्रसिद्ध आहे. पुढे इंग्रजांनी रात्रीचे भांडे लपवायच्या कपाटाला आणि खुर्चीला हेच नाव लावले. इंग्लंडात आजही कमोड म्हणजे आजाऱ्याची भांडे बसवलेली खुर्ची. पाण्याने धुऊन निघणाऱ्या संडासाची परंपरा वेगळी. वास अडवणाऱ्या वाकड्या नळीचे पेटंट अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये घेतले. ती युक्ती आपल्या प्रत्येक घरात आहे. आपल्याकडे मात्र साहेबाच्या पेटीचे नाव चिनी मातीच्या भांड्याला चिकटले.

आता ही ‘सोय’ कोणाची, तेही बघा. साहेबाच्या बंगल्यात न्हाणीघराला बाहेरून एक वेगळे दार असे. त्यातून सफाईवाला येऊन भांडे उचलून नेई. आपल्या वाड्यांतले टोपलीचे संडास काही निराळे नव्हते. मागच्या बोळातून कोण येते-जाते हे आपण बघतच नसू. असे संडास बांधायला आणि ते माणसाकडून साफ करवून घ्यायला बंदी करणारा केंद्राचा कायदा झाला १९९३ साली. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणेही गुन्हा ठरले.

हे मुद्दाम लिहितोय. टाकी उपसायला पंपाची गाडी बोलावली की बिलावरून दर वर्षी कुरकुर होते. “दोन माणसं उतरवली तर निम्म्यात होईल,” असे भर सभेत कानावर आले आहे. मी खजिनदार असताना ते बिल एक पैसा न कापता मंजूर केले. नव्या कमिटीनेही तसेच करावे.